शिकाऊ हातांचे मोल

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक आई आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. मुलगा एकवीस वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी तो एका वर्कशॉपमध्ये वेल्डरच्या हाताखाली लागला होता. आई म्हणाली, "फादर, पहिली दोन वर्षं मुकाट्यानं काढ, असं तुम्हीच त्याला सांगितलं होतं. आता तिसरं सरत आलं. पगार आहे तिथंच आहे."

मी मुलाला विचारले, "इतक्या दिवसांत काय शिकलास?" तो खाली मान घालून म्हणाला, "लोखंड उचलतो, ग्राइंडर मारतो, झाडून काढतो. वेल्डिंगचं होल्डर अजून हातात दिलं नाही."

ते उत्तर ऐकल्यापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही. मी केलेला उपदेश नवा नव्हता. आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला तोच केला आणि आपण तो पुढच्या पिढीला करीत आलो. पण तो न्याय्य आहे काय? अंगमेहनत करणाऱ्या तरुणाला, केवळ तो नवखा आहे म्हणून कमी दाम देणे, हे ख्रिस्ती सदसद्विवेकाला पटण्यासारखे आहे काय?

प्रथम मालकाची बाजू प्रामाणिकपणे ऐकू या. नवखा मुलगा माल बिघडवतो, त्याच्यामागे जाणत्या कारागिराचा वेळ जातो, आणि काम शिकून तो उद्या दुसरीकडे निघून जातो. पहिल्याच दिवशी पुरे दाम द्यावे लागले, तर अननुभवी मुलाला कोणी दारातच उभे करणार नाही. हा युक्तिवाद पोकळ नव्हे. ब्रिटनने 1999 साली राष्ट्रीय किमान वेतन लागू केले, तेव्हा 22 वर्षांवरील कामगाराला तासाला 3 पौंड 60 पेन्स आणि 18 ते 21 वर्षांच्या तरुणाला 3 पौंड असा भेद केला. त्यामागे तरुणांना काम मिळणे कठीण होऊ नये, ही चिंता होती.

परंतु या युक्तिवादातच त्याची मर्यादाही दडलेली आहे. कमी दिलेली रक्कम ही शिकवणुकीची फी असेल, तर शिकवणूक मिळालीच पाहिजे. आपल्या देशाच्या 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानेही हेच तत्त्व धरले. या कायद्याखालील उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी मानला जातो. त्याला वेतनाऐवजी विद्यावेतन मिळते. 2019 च्या नियमांनी ते पात्रतेनुसार दरमहा किमान 5000 ते 9000 रुपये ठरवले. मात्र त्यासाठी लेखी करार लागतो, मुदत लागते, प्रशिक्षणाचा आराखडा लागतो. ज्या मुलाशी करार नाही, ज्याला मुदत नाही आणि ज्याच्या हाती हत्यार दिले जात नाही, तो शिकाऊ कसा? तो पुरा मजूरच आहे. त्याच्या दामातून कापलेली फी मालकाने न शिकवताच खिशात घातली आहे.

मग सर्वांना एकच दर दिला की न्याय झाला काय? भवानीनगर परिसरात राहणाऱ्यांना याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. छत्रपती साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडील ऊसतोड मजुरांच्या कोप्या उसाच्या फडांजवळ उभ्या राहतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तेथे टनाला दर असतो. तोडणाऱ्याचे वय विसाचे की पन्नाशीचे, हे तो विचारीत नाही. जानेवारी 2024 च्या करारात हा दर 34 टक्के वाढून टनाला सुमारे 366 रुपये झाला. एका जोडीने पहाटेपासून राबून दोन टन ऊस तोडला, तर माणशी एका टनाचे दाम पडते. त्यातून हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची. समान दर आणि पुरेसा दर या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या कोप्यांसमोर उभे राहिल्यावर कळते.

पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली 'रेरूम नोव्हारूम' या विश्वपत्रातून नेमका हाच मुद्दा मांडला. मजुराने मान डोलावली एवढ्याने सौदा न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या श्रमिकाचा चरितार्थ चालेल इतके वेतन हे कोणत्याही करारापूर्वीचे कर्तव्य आहे, असे त्यांनी शिकवले. उपाशी माणसाच्या होकाराला स्वातंत्र्य कोठून येणार? पुढे 1981 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'लाबोरेम एक्सरसेन्स'मध्ये वेतनाचा विचार श्रमिकाच्या कुटुंबाशी जोडला. प्रभूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखलाही येथे आठवतो. तो पगाराचा तक्ता नव्हे, देवाच्या औदार्याची कथा आहे, हे खरे. तरीही शेवटच्या तासाला आलेल्याला पुऱ्या दिवसाची मजुरी देणारा तो धनी जाणून होता की, त्याच्याही घरची चूल एका तासाच्या दामावर पेटणार नाही.

तेव्हा नवख्याला कमी दाम देणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मी याला खरोखर काही शिकवतो आहे काय? ही कमतरता केव्हा संपेल, हे त्याला ठाऊक आहे काय? आणि आज मी देतो त्यात तो माणसासारखा जगू शकतो काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर प्रारंभीचे कमी वेतन अन्याय नव्हे. एकही नकारार्थी आले, तर आपण त्याच्या लाचारीचे दाम खातो आहोत.

हे प्रश्न घेऊन मी त्या वर्कशॉपच्या मालकाकडे गेलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "फादर, तुमच्या चर्चच्या बागेत काम करणाऱ्या पोराला तुम्ही काय देता?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. पूर्वीच्या म्हाताऱ्या माळ्याला आम्ही जी हजेरी देत होतो, तिच्या दोन-तृतीयांश रकमेवर मी या मुलाला ठेवले होते. कारण? तो नवा होता. गवत तेवढेच, ऊन तेवढेच, पोट मात्र त्याचे लहान आहे असे मी धरून चाललो होतो. पुढच्याच सभेत मी हे धर्मग्राम मंडळापुढे कबूल केले आणि ती तफावत मागील महिन्यांसह भरून काढली. त्यानंतरच मला पुन्हा त्या मालकाचा उंबरा चढता आला. मुलाच्या हाती आता होल्डर आले आहे. पगाराचे बोलणे अजून चालू आहे.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी बांधकामाला बिगारी येतो, दुकानात मदतनीस पोरगा असतो. एक मे हा महाराष्ट्र दिन, आणि 1955 पासून श्रमिक संत योसेफ यांचा सणही. नाझरेथच्या त्या सुताराने बाळ येशूच्या हाती केवळ झाडू दिला नसेल. कधीतरी रंधाही दिला असेल. आपल्या हाताखालच्या मुलाला आपण काय देतो, हे त्या दिवशी तरी आपण स्वतःला विचारू या.