रस्ता कुणाच्या बापाचा?

२०२३ च्या दिवाळीत बोनसचे पैसे आणि वर हप्ता असं करून मी मोटारसायकल घेतली. कोरी. सूतगिरणीत रिंग खात्यावर तिसरी पाळी करणाऱ्या पोरानं कोरी गाडी घ्यावी यात काही गुन्हा नाही. रात्री अकराच्या पाळीला जायला एसटी नसते. सकाळी सुटलो की कानात फ्रेमची घरघर, नाकातोंडात कापूस, आणि त्यात पाच किलोमीटर तंगडतोड. म्हणून घेतली. कुणाला हिशेब द्यायचा नाही, पण पुढचं सांगायचं तर हे आधी सांगायला पाहिजे.

चार दिवसांनी मंडईच्या कोपऱ्यावर गेलो. तिथं पालिकेनं रस्त्याच्या कडेला ताजे पांढरे पट्टे ओढले होते, मध्ये दुचाकीचं चित्र. मी गाडी बरोबर पट्ट्यांच्या आत घातली. स्टँड लावला. किल्ली काढली. आणि मान वर केली तर समोर डीपीचा तोच गंजका खोका, त्याच्यावरची तीच जुनी जाहिरात. च्यायला, ही तर आयची जागा!

माझी आय याच डीपीच्या शेजारी किलतान टाकून मेथी, शेपू, कोथिंबीर विकत बसायची. मी पाचवीत होतो तेव्हापासून. चार फूट बाय तीन फूट एवढीच जागा. माझ्या वह्या, माझी फी, बहिणीचं लग्न, सगळं त्या बारा चौरस फुटांतून निघालं. पट्टे ओढायच्या दोन महिने आधी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि तागडी, वजनं, भाजीसकट किलतान उचलून गेली. आय म्हणाली, "सायेब, सकाळीच पावती फाडलीया की. ह्यो बगा कागूद." दहा रुपयांची पावती, पालिकेच्या शिक्क्याची. साहेब म्हणाले, "ही पावती बसायची आहे, जागेची नाही."

दोस्तहो, मी जास्त शिकलेला माणूस नाही. दहावीनंतर जे वाचलं ते पाळी संपल्यावर, डोळे चोळत. पण हे वाक्य ऐकल्यापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतो आहे. बसायचा हक्क आहे, जागेचा नाही. म्हणजे माणसानं बसायचं कुठं? हवेत? आणि माझी गाडी त्याच बारा फुटांत दिवसभर उभी राहिली तर तिला पावती नाही, पैसा नाही, हाकलणं नाही. उलट चित्र काढून बोलावणं. रक्ताची बाई अतिक्रमण आणि तिच्या पोराचं लोखंड कायदेशीर. जागा तीच. मग बदललं काय?

कुणी म्हणेल, यात जात कुठं आली? पट्टा कुणाला जात विचारत नाही. खरं आहे. पट्टा एवढंच विचारतो की तुला चाकं आहेत का. पण त्या कोपऱ्यावरून उठवलेली माणसं मोजा. आय. जोडे शिवणारे एक म्हातारबाबा. केरसुण्या विकणारी बाई. फण्या-पिना विकणारी वडाराची पोर. गावकुसाबाहेरची यादी कुणी न सांगता बरोबर तयार होते. जात विचारावीच लागत नाही, इतकी ती मुरलेली आहे.

आता महाडची गोष्ट. आपण ती १४ एप्रिलच्या स्टेजवर दरवर्षी ऐकतो, पण ती मुळात नगरपालिकेच्या कारभाराची गोष्ट आहे याकडे लक्ष जात नाही. १९२३ साली मुंबई कौन्सिलात बोल्यांनी ठराव आणला की सरकारी पैशातून बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाड नगरपालिकेनं तसा ठराव करून चवदार तळं खुलं केलं. कागदावर. तीन वर्षं कुणी आपला माणूस पाण्याला शिवला नाही, कारण ठराव तळ्यापर्यंत चालत जात नसतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांबरोबर चालत गेले आणि पाणी प्याले, तेव्हा ठरावाला पाय फुटले. मग काय झालं? लोकांना काठ्यांनी झोडपलं. तळं १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध-दही ओतून शुद्ध करून घेतलं. आणि ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला. पुढं स्पृश्य मंडळी कोर्टात गेली, की हे तळं सार्वजनिक नव्हेच, खाजगी आहे. मार्च १९३७ मध्ये हायकोर्टानं त्यांचा दावा फेटाळला. एका ओंजळीला दहा वर्षं.

याच्या उलट १८६८ साल घ्या. जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. एका माणसानं खाजगी वस्तू सार्वजनिक केली. महाडात सार्वजनिक वस्तू खाजगी ठरवायला वकील लावले. माझ्या मते नगरपालिकेचा प्रत्येक निर्णय या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी पडतो. गटाराचा असो, दिव्याचा असो, पट्ट्याचा असो.

बाबासाहेबांनी ही गोष्ट घटनेत बांधून ठेवली. पंधराव्या कलमात विहिरी, तळी, स्नानघाट यांच्या रांगेत 'रस्ते' हाही शब्द आहे. सरकारी पैशातून राखलेल्या या जागा वापरायला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही आडकाठी करता येणार नाही. तळ्याची लढाई आपल्याला कळली. रस्त्याची कळली नाही. रस्त्यावरून चालायला मिळालं, सावली पडली म्हणून कुणी मारत नाही, म्हणजे रस्ता आपला झाला असं वाटलं.

मी एकतर्फी बोलणार नाही. आयच्या शेजारी दुसरी पाटी, तिच्या शेजारी तिसरी, असं होत होत तिथं चालायला जागा उरली नव्हती हेही खरं. शाळेच्या पोरी ट्रकच्या अंगावरून जायच्या. एकदा एक आंधळे आजोबा आमच्या टोपलीला अडखळून पडले, गुडघा फुटला. आय त्यांना हळद लावत होती आणि मी मनात म्हणालो, चूक आमची आहे. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९८५ साली दोन्ही गोष्टी सांगितल्या. एक, पोट भरायचं साधन हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. दोन, फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे, खाजगी कामासाठी तो अडवायचा हक्क कुणाला नाही. पावसाळा संपेपर्यंत थांबा, मग काढा. मी हा निकाल कितीदा वाचला. दुसरं वाक्य मला पटतं. पण मग सबंध देशात रस्त्याकडेला रात्रंदिवस उभ्या असलेल्या मोटारी कुणाच्या सार्वजनिक कामासाठी उभ्या आहेत? २०१४ ला पथविक्रेत्यांचा कायदा झाला. त्यात लिहिलंय की सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही. आमच्या कोपऱ्यावर सर्वेक्षणवाला आलाच नाही. पट्टेवाला आधी आला.

मग कुणाचा हक्क मोठा हे ठरवायचं कसं? माझा विचार असा. आय जागा अंगानं धरते. ती तिथं आहे तोवरच जागा तिची. दिवेलागणीला उठली, किलतान झटकलं, की जागा परत सगळ्यांची. मोटार मात्र मालक नसताना मालकाची जागा धरून ठेवते. मालक घरी जेवतो, झोपतो, परगावी जातो, आणि रस्त्यावरचा त्याचा तुकडा त्याची वाट बघत राहतो. आपण हजर नसताना जागा आपली राहणं, यालाच तर मालकी म्हणतात. वतनदार तरी दुसरं काय करत होता? गर्दीचं म्हणाल तर आयला सरकवता येत होतं, दोन हात मागे बसवता येत होतं, रांग लावता येत होती. ती ऐकणारी होती. लोखंड ऐकत नाही.

हिशेब बघा. एक मोटार उभी करायला अडीच मीटर बाय पाच मीटर धरतात. म्हणजे १३४ चौरस फूट. माझा आजा मुंबईत गिरणीत होता, वरळीच्या बी.डी.डी. चाळीत राहायचा. तिथली खोली १६० चौरस फुटांची. पाळीपाळीनं दहा जण झोपायचे, एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि आजा वळकटी घेऊन गावी आला तो आलाच. दहा गिरणी कामगारांना जेवढी जागा लागत होती, जवळजवळ तेवढी आज एका थंड पडलेल्या इंजिनाला लागते. त्याच वरळीवरून २०२४ साली किनारी रस्ता सुरू झाला, तेरा-चौदा हजार कोटी खर्चाचा. त्यावर मोटारसायकल चालत नाही, रिक्षा चालत नाही. पायी माणसाचं तर नावच नको. म्हणजे माझी हप्त्याची गाडीसुद्धा तिथं अस्पृश्यच. हसू येतं. इथं मी आयला हुसकणारा, तिथं मला हुसकणारा दुसरा. उतरंड आहे नुसती.

निर्णय कोण घेतं विचारायला मी पालिकेत गेलो होतो. तेव्हा पालिकेवर प्रशासक होता. राज्यात त्या वेळी कितीतरी ठिकाणी तसंच होतं. मुंबईलाही मार्च २०२२ पासून नगरसेवक नव्हते. बाबू म्हणाला, आदेश वरून आला. वर कोण? वर म्हणजे वर. महाडच्या नगरपालिकेनं ठराव फिरवला तेव्हा निदान हात वर करणारी माणसं तरी होती, त्यांची तोंडं ओळखता येत होती.

एक गोष्ट मध्येच आठवली ती सांगतो. कॉलनीतल्या गटाराचं चेंबर तुंबलं होतं. सफाईला आलेला आपलाच भाऊ, आणि चेंबरच्या झाकणावर कुणाची तरी मोटार. मालक उठेपर्यंत तो दोन तास उन्हात उकिडवा बसला. २०१३ च्या कायद्यानं संरक्षणाच्या साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला बंदी आहे. साधन म्हणून त्याच्याजवळ एक बांबू होता. मालक आला, गाडी काढताना म्हणाला, "नीट बघ, टायरला घाण लागू देऊ नको."

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. शत्रू पलीकडे, आपण अलीकडे. पण आपल्या वस्तीचं काय? आमच्या वस्तीत एक साहेब आहेत. आपलेच. बाबासाहेबांच्या पुण्याईनं शिकले, सरकारी नोकरीला लागले, चार वर्षांपूर्वी मोटार घेतली. आम्ही पेढे खाल्ले. बोळ आठ फुटांचा, मोटार साडेपाच फुटांची. पारूमावशी गेली तेव्हा तिरडी सरळ नेता येईना. आडवी करून, भिंतीला खांदे घासत काढली. साहेब स्वतः खांदा द्यायला होते. कुणी एक शब्द बोललं नाही. आपला माणूस वर आलाय, त्याची गाडी म्हणजे आपली शान, असं आम्ही मनाला शिकवलेलं.

मी हे वस्तीच्या बैठकीत काढलं. विहाराच्या पटांगणात बसलो होतो. म्हणालो, दादा, गाडी बाहेर लावा, पोरांना खेळायला, म्हाताऱ्यांना चालायला बोळ मोकळा पाहिजे. साहेब रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "लावतो. पण तू बाजारात आईच्या जागेवर गाडी लावतोस ते आधी सांग. आणि आत्ता लावलीस ती कुठं?"

मी वळून बघितलं. माझी गाडी विहाराच्या पायरीला टेकून उभी होती. तिच्यासाठी पोरांनी स्टंप उपटून कडेला टाकले होते.

घरी आल्यावर आयला सगळं सांगितलं. ती आता पाटी डोक्यावर घेऊन कॉलनीत दारोदार हिंडते. दोन्ही कडेला मोटारी, म्हणून मधून चालते आणि हॉर्न खाते. ती म्हणाली, "डीपीपाशी लावत जा की. कुनाची तरी लागनारच हाय तितं. तुजी लागली तर बरं न्हवं का?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. पाळीला दोन तास होते. मी विहारापाशी गेलो, गाडी ढकलत बाहेर रस्त्यावर आणली आणि पोरांना स्टंप परत रोवायला सांगितलं. एक पोरगं म्हणालं, "दादा, आता कुठं लावणार?"