हिरव्या वाळूची वाट

सहलीचं ठिकाण ठरवताना आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, गाडी अगदी तिथपर्यंत जाते ना? घरात गुडघे दुखणारी माणसं असतात, लहान मुलं असतात, म्हणून प्रश्न रास्तच आहे. पण गाडी पोचली की काही जागा नासू लागतात. हवाई बेटावरचा पापाकोलेआ हा हिरव्या वाळूचा किनारा त्यांपैकी एक.

बेटाचं दक्षिण टोक म्हणजे का लाए, अमेरिकेच्या 50 राज्यांतलं सर्वांत दक्षिणेकडचं ठिकाण. त्याच्या जवळून सुमारे 4 किलोमीटर माळ तुडवायचा आणि तेवढंच परत यायचं. चढ फारसा नाही. कस लागतो तो वाऱ्यात आणि उन्हात. वाटेत ना सावली, ना पिण्याचं पाणी. धूळ दातांत करकरते. आमचा धाकटा मध्येच फतकल मारून बसला, तेव्हा थोरल्या लेकीने त्याची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. शेवटी कडा उतरून खाली जायचं. ओंजळीतली वाळू उन्हात धरली, की तिचे कण हिरव्या काचेसारखे चमकतात.

हा हिरवा रंग ऑलिव्हिन या खनिजाचा. सुमारे 49,000 वर्षांपूर्वी पू-उ महाना नावाची टेकडी ज्वालामुखीच्या उद्रेकातून उभी राहिली. समुद्राने तिची एक बाजू पोखरली. लाटा हलके कण ओढून नेतात. जड ऑलिव्हिन मागे राहतं. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातही ऑलिव्हिन असतं. पण हवापाण्यात लवकर झिजणाऱ्या खनिजांत त्याचा नंबर फार वरचा, त्यामुळे त्याची वाळू साठून राहणं दुर्मीळ. इथे ती टिकली आहे, कारण टेकडी अजून झिजते आहे. ती संपली की किनाऱ्याचा हिरवा रंगही संपेल.

माझ्या सासूबाई आमच्याबरोबर होत्या. त्यांना इतकं चालणं शक्य नव्हतं. पैसे घेऊन ट्रकने नेऊन आणणारे तिथे भेटतात. "आजी, बसा ना ट्रकमध्ये!" मुलं हट्टाला पेटली. पण या माळावर गाड्या नेण्यास मनाई आहे. चाकांनी जमीन खोल चिरली आहे; एक चाकोरी खचली की शेजारी दुसरी पडते. ही जमीन 1921च्या कायद्याने मूळ हवाईयन लोकांसाठी राखलेली आहे, आपण तिथे पाहुणे. सासूबाईंनीच विषय मिटवला : "मला का लाए पुरे." त्या आणि माझे यजमान तिथे थांबले. जुन्या कोळ्यांनी नावा बांधण्यासाठी खडकात पाडलेली भोकं त्यांनी निवांत पाहिली.

यात वृद्धांवर अन्याय नाही का, हा प्रश्न मला टाळायचा नाही. रेल्वे स्थानक, देऊळ, संग्रहालय माणसाने माणसासाठी बांधलेलं असतं. तिथे एकही पायरी कुणाला अडवत असेल तर ती आपल्याला लाजिरवाणी आहे. पण पापाकोलेआ कुणी कुणासाठी बांधलेला नाही. तिथे पोचणं हा कुणाचाच हक्क नाही, माझ्या धडधाकट पायांचाही नाही.

लेकीला आजीसाठी बाटलीत वाळू न्यायची होती. न येऊ शकलेल्या माणसासाठी तीर्थ घेऊन जायची आपली रीत आहे, आणि मला ती प्रिय आहे. तरी मी नको म्हटलं. गंगेला मागून पाणी येत राहतं. या वाळूला मागे एकच झिजती टेकडी आहे. परतल्यावर मुलं आजीला बिलगून सांगत बसली. वारा कसा ढकलत होता, पाय कसे रुतत होते. सासूबाई खोदून खोदून विचारत राहिल्या.

तुम्ही तिकडे गेलात, तर भरपूर पाणी घ्या, सकाळी लवकर निघा आणि चालत जा. ज्यांना चालवत नाही, त्यांच्यासाठी का लाए आहे. परतताना वाळू तिथेच झटकून या.