कार्ड खाटेचे, म्हातारपण घरातले
सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेले आयुष्मान वय वंदना कार्ड माळेगाव-भवानीनगरच्या ऊस बागायतदाराला जसे लागू आहे, तसेच त्याच्या रानात खुरपणाऱ्या मजूर बाईलाही. उत्पन्नाचा दाखला लागत नाही आणि जुन्या आजारालाही पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते. योजना चांगलीच आहे. पण ‘कार्ड काढलं, आता काळजी मिटली’ हा समज महागात पडणारा आहे. हे संरक्षण दवाखान्यातल्या खाटेचे आहे. योजनेतल्या रुग्णालयात दाखल व्हावे लागते, यादीतलाच उपचार व्हावा लागतो. दाखल होण्याआधीचे तीन आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस धरले, की हिशेब संपतो. म्हातारपणाचा खर्च मात्र महिन्याच्या महिन्याला, खाटेबाहेर होत राहतो: बीपी-शुगरच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, चष्मा, कवळी.

साठी ते सत्तरीतल्यांचे काय, हा पहिला आक्षेप. महाराष्ट्रापुरते त्याला उत्तर आहे. २०१२मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली, पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी योजना १ जुलै २०२४पासून पांढऱ्या रेशनकार्डालाही खुली झाली आणि तिची मर्यादा दीड लाखांवरून ५ लाखांवर गेली. मात्र ती रक्कम अख्ख्या कुटुंबाची. नातवाचे मोठे ऑपरेशन त्याच वर्षी झाले, तर आजोबांच्या वाट्याला उरेल तेवढेच. सत्तरीनंतरचे ५ लाख घरातल्या ज्येष्ठांसाठी वेगळे असतात, त्यातून नातवाला काही जात नाही. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर ते दोघांत मिळून. वय ठरते आधारवरून, आणि इथेच गोम आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून किंवा अंदाजाने टाकलेले साल आधारवर चढले असेल, तर खरा बहात्तर वर्षांचा माणूस कागदावर अडुसष्टचा राहतो. ही दुरुस्ती धडधाकट असतानाच करायची. आयसीयूच्या दारात ती होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गोळ्या-तपासण्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, मग विम्याने त्या का द्याव्यात? १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही घेतले जात नाहीत, हे खरे. म्हणून इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाची किंवा बारामतीच्या सिल्व्हर ज्युबिलीची ओपीडी हा म्हाताऱ्यांचा खरा विमा म्हणायला हवा. पण तिथल्या औषधाच्या खिडकीवर गोळी नसेल तेव्हा मेडिकलचे बिल कोणत्याच कार्डावर चढत नाही. काठी, चष्मा, श्रवणयंत्रासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पासष्टीपुढच्या कमी उत्पन्नाच्या माणसाला एकदाच ३००० रुपये मिळतात. काठीला ते पुष्कळ झाले. चांगल्या श्रवणयंत्राची किंमत ज्यांना माहीत आहे, त्यांनी हसू नये.

ऐपत असलेले म्हणतील, आम्ही खासगी पॉलिसी घेऊ. घ्यावी. २०२४मध्ये नवी पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची वयाची अट गेली, सप्टेंबर २०२५मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला. पॉलिसी असली तरी वय वंदना कार्ड काढता येते. तरी सत्तरीतला हप्ता जड असतो, जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, आणि ती पॉलिसीही बहुतांशी खाटेचीच. शिवाय मोठ्या ऑपरेशनसाठी इंदापूरहून पुणे गाठायचे, तर अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या वर. सोबत राहणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी कोणत्याही पॅकेजात बसत नाही. तेव्हा निघण्याआधी १४५५५ किंवा १५५३८८वर फोन करून ते रुग्णालय योजनेत आहे का, आपला उपचार तिथे होतो का, की तो फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहे, हे विचारावे. पोचल्यावर पैसे भरण्याच्या काउंटरआधी आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचे, टेबल शोधावे.