बोजा नसलेले घर आणि खरेदीदाराची जबाबदारी



शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरी येथून एका तरुण वाचकाचा प्रश्न आला आहे. जुनी घरे विकत घेऊन, त्यांची डागडुजी करून ती पुन्हा विकणे हा त्याचा व्यवसाय. प्रश्नाचा आशय असा : ज्या घरावर बँकेचा किंवा सावकाराचा एक रुपयाचाही बोजा नाही, ज्याचा मालक वृद्ध आहे आणि ज्याची मुले सुरतेकडे स्थायिक झाली आहेत, असे घर मी शोधून काढतो. मालकाला आजचा भाव ठाऊक नसतो. कमी किंमत तो स्वतःच सांगतो आणि तीतही मी थोडी घासाघीस करतो. मी खोटे बोलत नाही, दडपण आणत नाही. मग माझी कमाई हलाल आहे ना?

प्रश्न एकाचा असला तरी उत्तर अनेकांच्या उपयोगाचे आहे. आपल्यापैकी कोणी आज खरेदीदार आहे, तर कोणाचे आई-वडील गावी अशाच घरात राहत आहेत.

प्रथम हे घर म्हणजे काय ते समजून घेऊ. गावठाणातील बहुतेक घरांवर कर्ज नसते. त्यामागे मालकाची काटकसर असते, तसेच आणखी एक कारण असते. गावठाणातील घराला ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील नोंदीपलीकडे फारसा कागदच नसे, म्हणून बँक त्यावर कर्ज देण्यास कचरत असे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घरमालकांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. आजोबांनी बांधलेले मातीविटांचे घर कागदावर आले आणि त्याच्याकडे भांडवल म्हणून पाहिले जाऊ लागले. व्यवसायातील माणूस सूची क्रमांक २ चा शोध घेतो, सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' पाहतो, मिळकत पत्रिका वाचतो आणि घर निर्वेध आहे हे ओळखतो. मालकाच्या हाती मात्र तो कागद नुकताच आलेला असतो. कागद दोघांसमोर असूनही त्याचा अर्थ एकालाच कळतो. आपल्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

असा व्यवसाय मुळात निषिद्ध नाही. घर शोधणे, पायपीट करणे, कागद तपासणे, छप्पर बदलणे, पैसा गुंतवून जोखीम घेणे हे सारे श्रम आहेत आणि श्रमाचा नफा पवित्र आहे. घासाघीसही निषिद्ध नाही. प्रवासात माननीय जाबिर (रजि.) यांचा उंट विकत घेताना प्रेषित (स.) यांनी भावाची बोलणी केली, असे सहीह हदीसमध्ये आले आहे.

मात्र बोजा नसलेल्या जागेचा सौदा कसा करावा, याचा सर्वात उज्ज्वल नमुना मदीनेत आहे. हिजरतीनंतर मस्जिदीसाठी जी जागा निवडली गेली ती खजूर वाळविण्याचे खळे होती आणि सहल व सुहैल या दोन अनाथ मुलांच्या मालकीची होती. मुलांनी ती विनामूल्य देऊ केली. प्रेषित (स.) यांनी देणगी म्हणून ती स्वीकारली नाही, ती विकतच घेतली. आणि त्यासाठी बनू नज्जारच्या लोकांना काय म्हटले? माझ्याशी या जागेची किंमत ठरवा, असे म्हटले. विचार करा. मालक लहान आहेत, काहीच मागत नाहीत, घेणारा सर्वांना प्राणाहून प्रिय आहे, कार्य मस्जिदीचे आहे. त्याहून स्वस्त सौदा कोणता असू शकेल? तरीही मालकाचा संकोच, त्याचे प्रेम किंवा त्याचे अज्ञान यांना किमतीतून वजा केले गेले नाही. किंमतीची बोलणी त्याच्या माणसांदेखत, उघडपणे काढली गेली.

आता आपल्या तरुण बंधूच्या मुख्य युक्तिवादाकडे येऊ. "मी खोटे बोललो नाही आणि तो राजी होता." पवित्र कुरआनने सूरह अन्-निसाच्या २९व्या आयतीत परस्परांच्या राजीखुशीने होणाऱ्या व्यापाराला वैध ठरविले आहे. पण राजीखुशी कशाला म्हणावे? ज्याला आपण काय देत आहोत हेच ठाऊक नाही, त्याचा होकार कितपत होकार आहे?

याचे उत्तर प्रेषित (स.) यांनी एका बंदीतून दिले. त्या काळी बाहेरगावचे व्यापारी माल घेऊन शहराकडे येत. काही चतुर लोक शहराबाहेर जाऊन त्यांना वाटेतच गाठत आणि बाजारभाव कळण्याआधी माल विकत घेत. प्रेषित (स.) यांनी असे वाटेत गाठण्यास मनाई केली. सहीह मुस्लिममधील एका कथनानुसार, अशा विक्रेत्याला बाजारात पोहोचल्यावर सौदा मोडण्याची मुभाही दिली. हनफी फकीहांनी म्हटले आहे की येणाऱ्यांपासून भाव झाकून ठेवला तर अशी खरेदी मकरूह होय. इथे कोणी खोटे बोलल्याचा उल्लेख नाही. मग दोष कुठे होता? विक्रेत्याला बाजार दिसण्याआधीच गाठण्यात होता. ओसरीवर बसलेला वृद्ध मालक हा त्या काफिल्यातील वाटसरूच आहे. फरक इतकाच की तो बाजारात जाणारच नाही, तुम्हीच त्याच्या दारी गेला आहात. म्हणून बाजारभाव त्याच्या दारी नेणे हेही तुमचेच काम आहे.

जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव करतात हे आपण पाहिले असेल. तिथे निदान ज्याचा बैल आहे त्याच्या बोटांना भाव कळतो. आपल्या सौद्यात उलटे घडते. भाव गल्लीला ठाऊक असतो, दलालाला ठाऊक असतो, फक्त घरमालकाला ठाऊक नसतो.

कोणी म्हणेल, "ही माहिती मी कष्टाने मिळविली, ती फुकट का द्यावी?" बंधूंनो, माननीय जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची घटना ऐका. त्यांच्या सेवकाने एक घोडा ३०० दिरहमला ठरविला आणि पैसे देण्यासाठी मालकाला घेऊन आला. जरीर (रजि.) यांनी घोडा पाहिला आणि मालकाला म्हणाले की तुझा घोडा याहून अधिक मोलाचा आहे. ते शंभर-शंभरने किंमत वाढवीत गेले आणि ८०० दिरहमला घोडा घेतला. कारण विचारले असता त्यांनी सांगितले की प्रत्येक मुसलमानाचे हित चिंतण्याची प्रतिज्ञा आपण प्रेषित (स.) यांच्या हाती केली आहे. आपल्याच तालुक्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे असा गिऱ्हाईक उभा राहिला तर लोक त्याला वेडा म्हणतील. सहाबींनी मात्र हा सौदा ईमानचा भाग मानला. एवढी उंची प्रत्येकाला गाठता येणार नाही. निदान मान तरी त्या दिशेला वर करावी.

याच्या उलट टोकाला एक रोग आहे. हजरत शुऐब (अ.स.) यांनी मदयनच्या लोकांना माप-तोल पूर्ण करण्यास सांगितले आणि त्याबरोबरच लोकांच्या वस्तूंचे मोल कमी करू नका असेही बजावले. हा उपदेश सूरह अल्-आराफच्या ८५व्या आयतीत आहे. मोल कमी करण्याच्या युक्त्या आपल्या ओळखीच्या आहेत. भिंतीची साधी भेग दाखवून "घर पडायला आले" म्हणणे. आपलीच दोन माणसे आधी गिऱ्हाईक म्हणून पाठवून त्यांच्याकडून निम्म्या भावाची मागणी करविणे. "रस्तारुंदीत जाणार" अशी आवई उठविणे. प्रेषित (स.) यांनी बनावट बोली लावून भाव चढविण्यास मनाई केली, बनावट बोलीने भाव पाडणे हे त्याच पापाचे दुसरे तोंड आहे.

किती कमी किंमत म्हणजे अति कमी? फिकहने याचेही माप दिले आहे. हनफी फिकहवर आधारलेल्या उस्मानी काळातील 'मजल्ला' या संहितेच्या १६५व्या कलमात भारी तफावतीची मर्यादा सामान्य मालात विसावा हिस्सा, जनावरांत दहावा आणि स्थावर मिळकतीत पाचवा हिस्सा ठरविली आहे. म्हणजे ज्या घराचे वाजवी मोल १० लाख आहे ते ८ लाखांना किंवा त्याहून कमी किमतीत घेतले, तर ती भारी तफावत झाली. तिच्या जोडीला फसवणूक असेल तर नाडलेल्या पक्षाला सौदा मोडता येतो. फसवणूक नसेल तर सौदा सहसा टिकतो. पण अनाथाच्या किंवा वक्फच्या मिळकतीत फसवणुकीविनाही अशी तफावत चालत नाही. कायद्याने टिकणे आणि अल्लाहपुढे टिकणे यांतील अंतर मोमिनाने विसरू नये. हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी कथन केलेल्या हदीसचा आशय असा आहे की दोघांनी खरे सांगितले व उघड केले तर सौद्यात बरकत येते, लपविले आणि खोटे सांगितले तर बरकत पुसली जाते. उघड करण्याची जबाबदारी तिथे दोघांवर आहे, एकट्या विकणाऱ्यावर नाही.

आणखी एक गोष्ट. घरावर बँकेचा बोजा नाही म्हणजे कोणाचाच हक्क नाही असे समजू नका. वडिलोपार्जित घर असेल तर बहिणींचा हिस्सा विचारा. सूरह अन्-निसाच्या ७व्या आयतीने मालमत्ता थोडी असो वा फार, स्त्रियांचा हिस्सा निश्चित केला आहे. मिळकत पत्रिकेवर एकट्या भावाचे नाव असले तरी अल्लाहच्या नोंदीत सर्व वारस आहेत. त्यांची समजून-उमजून दिलेली संमती नसेल तर तो व्यवहार सोडून द्या. वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात ती निर्णयदिनी सात थरांसह अडकविली जाईल, असा इशारा सहीह हदीसमध्ये आहे. घर बोजाविरहित घेतले आणि बोजा स्वतःच्या मानेवर आला, असे होऊ नये.

आपल्या भागाला तर हा इशारा इतिहासानेही दिला आहे. शहादा परिसरातील भिल्ल बांधवांच्या जमिनी कर्जाच्या, गहाणाच्या आणि खरेदीच्या कागदांवरून इतरांच्या हाती गेल्या होत्या. १९७२ साली अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या कार्यकर्त्यांनी त्या परत मिळविण्यासाठी आंदोलन उभे केले. पुढे राज्यात कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद झाली. आजही जमीन महसूल संहितेच्या ३६ व ३६-अ या कलमांनुसार जिल्हाधिकारी व शासन यांच्या मंजुरीविना आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकत घेता येत नाही. त्या जुन्या कागदांवरही अंगठे होतेच, म्हणजे 'राजीखुशी' होतीच. शेजारी मुसलमान असो वा नसो, त्याचा हक्क मारणे हा जुलूमच होय.

तर मग, आमच्या तरुण बंधूने सौदा कसा करावा?

बोलणी सुरू करण्यापूर्वी मालकाला सांगावे की आपण घर पुन्हा विकण्यासाठी घेत आहोत. नोंदणी व मुद्रांक विभागाचे वार्षिक बाजारमूल्य दर त्याला दाखवावेत. ते मुद्रांक शुल्कासाठी असतात, प्रत्यक्ष भाव वेगळा असू शकतो; म्हणून आसपास अलीकडे झालेल्या खरेदीखतांच्या किमतीही सांगाव्यात. सुरतेच्या मुलांना, गावातल्या मुलीला बोलणीत बसवावे. सूरह अल्-बकराच्या २८२व्या आयतीत दुर्बलाच्या वतीने त्याच्या पालकाने न्यायाने मजकूर सांगावा, व्यवहार लिहावा आणि साक्षी ठेवावेत, असा आदेश आहे. विचार करण्यासाठी आठवडाभराची मुदत आपण होऊन द्यावी. आणि मग खुशाल घासाघीस करावी. दुरुस्तीचा खर्च मोकळेपणाने मांडावा, आपला नफाही मांडावा.

कर्ज नसलेल्या मालकाला विकण्याची घाई नसते. त्याला पैशाइतकीच इतर गोष्टींची गरज असते, आणि खरी बोलणी तिथे होते. एखाद्याला रमजान ईदपर्यंत त्याच घरात राहायचे असते. जाबिर (रजि.) यांनीही उंट विकला, पण मदीनेला पोहोचेपर्यंत त्यावर स्वार होण्याची मुभा मिळविली होती. हनफी मतानुसार अशी सवलत सौद्याची अट न करता स्वतंत्रपणे द्यावी, हे अधिक सुरक्षित. एखाद्याला रक्कम हप्त्याने चालते. माननीय अबू राफे (रजि.) यांनी आपल्या दोन खोल्या शेजारी साद (रजि.) यांना ४००० दिरहमला हप्त्याने दिल्या, ५०० दीनारची दुसरी मागणी असूनही शेजाऱ्याचा हक्क मोठा मानला. कमी किंमत पापच असते असे नाही, हे यावरून दिसते. अबू राफे यांना दुसरा भाव ठाऊक होता आणि तो जाणून त्यांनी सोडला. जाणून सोडणे म्हणजे औदार्य. न कळता सुटणे म्हणजे नुकसान.

इसाराबाबतही सावध राहावे. किरकोळ इसार देऊन मालकाला महिनोन्महिने अडकवून ठेवणे आणि खरेदीखत होण्याआधीच तिसऱ्याला विकणे अयोग्य आहे, जे आपल्याजवळ नाही ते विकण्यास प्रेषित (स.) यांनी मनाई केली आहे.

घरमालक असलेल्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. दारात आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकाला किंमत सांगू नका. आधी चौकशी करा. घराच्या पैशाबद्दल इब्ने माजा यांच्या संग्रहातील हदीसचा आशय ध्यानी ठेवा : जो घर विकून त्याची किंमत तशाच मिळकतीत गुंतवीत नाही, त्याच्या पैशात बरकत राहणे कठीण. छप्पर विकून आलेली रक्कम लग्नाच्या मांडवात उडवू नका. आणि शहरातील मुला-मुलींनो, वडिलांना फोन करून आज एवढेच विचारा, "अब्बा, घराची मिळकत पत्रिका आली का? कोणी भाव विचारायला आले होते का?" हीही आई-वडिलांची सेवाच आहे.

ब्राह्मणपुरीच्या बंधूला थोडक्यात उत्तर असे : तुमचा व्यवसाय हलाल आहे, तुमचे मौन संशयास्पद आहे. मालकाला भाव कळू द्या, नंतर मिळेल तो नफा निःशंकपणे घ्या. असे केल्याने काही सौदे हातचे जातील. पण जे होतील, त्या घराच्या उंबऱ्यावरून तुम्ही त्याच मालकाला पुन्हा सलाम करू शकाल.

हे अल्लाह, आमच्या व्यवहारांत सत्य दे, आमच्या घरांत बरकत दे आणि ज्या दिवशी प्रत्येक वीतभर जमिनीचा हिशेब होईल त्या दिवशी आमच्या माना मोकळ्या ठेव. आमीन.