कापायचीच कोंबडी कशापायी जगवायची?

हा प्रश्न आळीतल्या तात्यांनी विचारला, पण तो एकट्या तात्यांचा नाही. जी आज ना उद्या सुरीखाली जाणार तिची जखम धुवायची, तिला हळद लावायची, तिच्यापायी रात्र जागायची, हे ढोंग नाही का? दोस्तांनो, मी सूतगिरणीत तिसरी पाळी करणारा माणूस. तत्त्वज्ञान कुठल्या शाळेत शिकलो नाही. पण प्रश्न डोक्यातनं जाईना, म्हणून लिहितो.

झालं ते एवढंच. मुंगसानं खुराड्याची फळी उचकटून आयच्या तलंगेला पंखाखाली धरलं. आय वरडली म्हणून सुटली. वरनं बघाल तर दाताची चार भोकं. पण असली भोकं आत खोल जातात, आत पू धरतो, आणि माशी बसली की अळ्या पडतात. आयनं भोवतीची पिसं कातरली, कोमट मिठाच्या पाण्यानं भोकं धुतली, पाटीखाली अंधारात, उबेला, एकटी ठेवली. पाणी चोचीच्या कडेला थेंब थेंब. घशात ओतलं तर श्वासनळीत जातं. छातीला फडकं आवळलं नाही, कारण कोंबडी छाती हलवूनच श्वास घेते.

एकटी ठेवायचं कारण आहे. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या नेमकं तिथंच टोचतात. कुणी शहाणा म्हणेल, बघा, निसर्गातच उतरंड आहे! नॉर्वेच्या थोर्लिफ शेल्डरुप-एब्बे यानं १९२२ साली कोंबड्यांची ही टोचण्याची उतरंड लिहून मांडली, हे खरं. पण तिच्यात जागा झुंजून ठरते, आणि बदलतेही. खालच्या कोंबडीचं पिल्लू कपाळावर शिक्का घेऊन अंड्यातनं बाहेर येत नाही. तो शिक्का माणसानं काढला. मुंगसाला भूक आहे, निवड नाही. निवड आमच्यापाशी आहे. म्हणून जाब मुंगसाला विचारता येत नाही, आम्हाला येतो.

आमचीच पोरं म्हणतात, ज्या देशात जनावराला आपल्यापेक्षा जास्त माया मिळाली, तिथं आपण कोंबडीचे लाड कशाला करायचे? महाडच्या चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती. आपल्या माणसांना मात्र त्याच पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला. हा राग खरा आहे, माझाही आहे. पण गुन्हा गुरांना पाणी मिळालं हा नव्हता. माणसाला नाकारलं, हा गुन्हा होता. जनावराची माया तोडून आपली तहान भागत नाही.

तात्यांचा दुसरा सवाल त्याहून बोचला. "आता ही अंडी घालंल का रं?" हा सवाल मी गिरणीतही ऐकलाय. मशीनमध्ये कुणाचं बोट गेलं की आधी मशीन बघतात, मग माणूस. आणि माणसाकडं बघतात तेही, हा उद्या पाळीवर उभा राहील का, एवढ्यासाठीच. उपयोग संपला की जीव संपला, हा हिशोब आपण कोंबडीला लावला तर उद्या आपल्याला लावणाऱ्याला कुठल्या तोंडानं अडवणार?

मग कापणं-खाणं? आम्ही खातो, आणि त्याची लाज बाळगत नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बाबासाहेबांच्या बुद्धावरच्या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केलाय. माझा प्रश्न तिथंच सुटतो. पोटासाठी कापणं गरज असू शकेल. पण हाताशी मीठ-पाणी असताना तिला पाटीखाली कुजू देणं ही कुणाच्या पोटाची गरज?

आयनं तात्यांना हेच आपल्या भाषेत सांगितलं, "खायची येळ आली तर खाऊ. पर तवर ती माझ्या दारातली हाय."

ती वाचणारच नसती तर आयनंच एका झटक्यात तिला सोडवलं असतं, आणि तीही सेवाच झाली असती. मरण आपल्या हातात आहे म्हणून दुःखही आपल्या मर्जीवर सोडावं, हा मालकाचा कायदा. तो आपण पुष्कळ सोसलाय. आपल्यापेक्षा दुबळा जीव आपल्या दारात आला, तर तो कायदा आपण चालवायचा नाही.