अस्मानी कीं सुलतानी?

आमच्या भाषेनें संकटांची वांटणी फार पूर्वीं दोन शब्दांत करून ठेविली आहे. अवर्षण पडलें, टोळधाड आली, वादळ झालें, तर तें अस्मानी. सारा वाढला, लूट झाली, तर तें सुलतानी. पहिल्यापुढें मान लववावयाची व दुसऱ्याविरुद्ध दाद मागावयाची, असा साधारण नियम. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यास लागलें व हजारों घरांचीं छपरें गेलीं, तेव्हां पहिलाच शब्द तोंडीं यावा हें स्वाभाविक होतें. परंतु तो इतक्या सहज उच्चारावा काय, याचा विचार वाचकांनीं आम्हांबरोबर करावा अशी विनंति आहे.

यासाठीं आम्ही दूरचें एक उदाहरण घेतों, कारण त्याची चौकशी फार बारकाईनें झाली. २४ ऑगस्ट १९९२ रोजीं पहांटे अमेरिकेंतील फ्लोरिडा संस्थानाच्या दक्षिण भागावर अँड्र्यू नांवाचें वादळ आदळलें. तिकडे अशा वादळास हरिकेन म्हणतात. वाऱ्याचा वेग ताशीं सुमारें २६५ किलोमीटर होता. एकट्या डेड परगण्यांत २५,००० हून अधिक घरें नष्ट झालीं. अशा वाऱ्यापुढें मनुष्याचें काय चालणार, असें कोणीही म्हणेल. पण जाणते लोक पडझड पाहत गल्लोगल्लीं फिरले, तेव्हां एकाच वाऱ्याखालीं एक घर उभें व दुसरें मोडलेलें असें त्यांस आढळलें. उडालेल्या छपरांचे तक्ते उलटून पाहतां कित्येक खिळे वाशांत शिरलेच नव्हते! यंत्रानें झटपट ठोकलेले ते तारेचे खिळे वाशाच्या बाजूनें नुसते पोकळींत उतरले होते. वरून आच्छादन पडलें व खालून छत झालें, मग कोणास दिसणार? तेथील घरबांधणीचे नियम त्या देशांतील कडक नियमांत गणले जात. परंतु कागदावरचा नियम आपण होऊन वाशांत रुतत नाहीं.

वाऱ्याची रीतही समजून घेतली पाहिजे. वारा घर ढकलून पाडतो असें आपणांस वाटतें; पुष्कळदां तो तें उचलतो. छपरावरून वेगानें जातांना तो त्यास वर ओढतो, आणि ही ओढ वळचणीस व कोपऱ्यांस अधिक असते. इतक्यांत एखादें दार किंवा खिडकी फुटली कीं आंत शिरलेला वारा खालूनही रेटूं लागतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. म्हणून वासा भिंतीवर नुसता टेकलेला असून भागत नाहीं. लोखंडी पट्टीनें तो भिंतीशीं जखडावा लागतो, व भिंत जोत्याशीं. अँड्र्यूच्या वेळीं दुपाखी घरांच्या त्रिकोणी भिंती ठिकठिकाणीं कोसळल्या. चारही बाजूंस उतरतें छप्पर असलेलीं घरें त्यांहून बरीं टिकलीं. कोंकणांतील जुन्या चौपाखी घरांची आठवण येथें कोणास होणार नाहीं? खडकावरच्या व वाळूवरच्या घराचा दृष्टांत आम्हीं शेंकडों वेळां ऐकला आहे, आणि दर वेळीं उपदेशकाचें बोट पायाकडे असतें. तें योग्यच आहे. पण छपराच्या सांध्यावर उपदेश झालेला आमच्या स्मरणांत नाहीं.

आतां खरा प्रश्न. समजा, अँड्र्यू समुद्रांतच विरून गेलें असतें, तर त्या सुताराचा अपराध कोणता? घर उभें आहे, मालक सुखानें निजतो आहे, कोणाचें नुकसान झालें? नुकसानावांचून अपराध नाहीं असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस तें पटत नाहीं. तें असत्य वादळाच्या रात्रीं घडलें नाहीं. छत झांकलें त्याच दिवशीं तें पुरें झालें होतें. वाऱ्यानें तें उघडें केलें इतकेंच. मग त्यास अस्मानी म्हणून आपण आपल्या हातचा खोटा खिळा देवाच्या माथीं मारीत नाहीं काय? तथापि एकट्या सुतारास धरणें हाही अन्याय होईल. त्याच्यामागें घाई करणारा ठेकेदार होता, न चढतां सही करणारा तपासनीस होता, आणि फरशीचा रंग विचारून वाशाविषयीं अवाक्षर न काढणारा गिऱ्हाईकही होता.

त्याच भागांत हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या ख्रिस्ती संस्थेचीं कांहीं घरें होतीं. मिलर्ड व लिंडा फुलर या दांपत्यानें ती संस्था १९७६ सालीं स्थापन केली. ती गरिबांसाठीं स्वयंसेवकांच्या हातून घरें बांधविते, आणि राहणाऱ्या कुटुंबानेंही अंगमेहनत करावी असा तिचा नियम आहे. हीं घरें वादळांतून निभावलीं. हौशी माणसें जेथें दोन खिळे पुरे तेथें दहा मारतात, असें त्याचें कारण विनोदानें सांगण्यांत येई. विनोद ठीक आहे. पण खिळा मारणाऱ्या हाताची व त्या छपराखालीं निजणाऱ्या डोक्याची तेथें ओळख होती, हें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें.

यावर किनाऱ्यावरील एखादी विधवा म्हणेल, “पत्रा उडणार हें मला तुमच्याआधीं ठाऊक आहे, पट्टीला पैसे कोठून आणूं?” तिला वाऱ्याचें शास्त्र ऐकविणें निर्दयपणाचें आहे. फ्लोरिडांत १ मार्च २००२ पासून साऱ्या संस्थानास एकच नियमावली लागू झाली. पण असे नियम मुख्यतः नव्या घरास लागतात, जुनें छप्पर होतें तसेंच राहतें. तिच्या छपरास पट्ट्या, आंकड्याचे बोल्ट व दोन माणसांचे दोन दिवस, इतकें बहुधा पुरे होईल. आमच्या मंडळ्यांत सुतार आहेत, लोहार आहेत, सुटींत घरीं आलेले तरुण आहेत. मृगापूर्वीं मे महिना हातांत असतो. पत्र्यांवर दगड ठेवलेलीं घरें कोणतीं, हें रस्त्यावरून जातांनाही दिसतें.