काही काम नव्हतं

चंद्रपुरात नवरा-बायको भर सकाळी, हातात पिशवी न घेता, कुठलीच घाई न करता चालताना दिसले की ओळखीचा माणूस गाडी थांबवतो. "काय काम काढलं?" बँक, दवाखाना, लग्नाचा बस्ता, महाकालीचं दर्शन, यांतलं काहीही सांगा, त्याचं समाधान होतं. "काही नाही बापा, परकोट पाहून राहिलो," असं म्हटलं की मात्र तो आधी आमच्या यांच्याकडे बघतो, मग माझ्याकडे. घरी सगळं ठीक आहे ना, हा प्रश्न ओठांवरून परत गिळतो आणि गाडी सुरू करतो.

हाच माणूस निवृत्तीचे पैसे हाती आले की बायकोला घेऊन युरोपच्या टूरला जातो. प्रागच्या चार्ल्स पुलावर कानटोपी घालून उभा राहतो. पुलाचं काम १३५७ साली सुरू झालं हे ऐकून मान डोलावतो आणि पाच मिनिटांत ते साल विसरतो. दोघं एकमेकांचे फोटो काढतात, फोटोत डोकं कापलं म्हणून भांडतात, आइस्क्रीमची किंमत मनातल्या मनात रुपयांत करून हळहळतात आणि तरी खातात. घरी जी कधी एकमेकांच्या चार पावलं मागेपुढे असल्याशिवाय चालली नाहीत, ती तिथं हात धरून चालतात. मला या दृश्याची थट्टा करायची नाही. मला त्याचा हेवा वाटतो, आणि प्रश्न पडतो की हा हलकेपणा प्रागचा की आपण प्रागमध्ये स्वतःला दिलेल्या सुट्टीचा?

मराठी घरांना या मौजेची चटक बहुधा पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'नं लावली. पुस्तक १९६० साली आलं. त्याआधी विलायतेला जायचं ते बॅरिस्टर व्हायला, नाहीतर मोठं औषधपाणी करायला. पुलंही गेले होते कामासाठीच, पण वाचकाच्या लक्षात राहतात ते परक्या शहरात गंमत करत फिरणारे नवरा-बायको. तेव्हापासून आपल्याला पक्कं ठाऊक झालं की शहर बघणं ही हसण्याचीही गोष्ट आहे. फक्त ते शहर लांबचं हवं, ही अट आपण मनानं घातली. जवळच्या जुन्या वास्तूसमोर आपल्याला दोनच सूर लावता येतात. एक भाषणातला, गौरवशाली वारशाचा. दुसरा वर्तमानपत्रातला, पडझडीचा. अभिमान आणि हळहळ. माझं म्हणणं एवढंच की या दोहोंनी माणूस तिथं दहा मिनिटांवर थांबत नाही. थांबतो तो मजा आली तर.

आता चांद्याची, म्हणजे चंद्रपूरची, जन्मकथाच घ्या. लूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं १८६९ च्या सेटलमेंट रिपोर्टात ती नोंदवून ठेवली आणि इथं ती अजून सांगितली जाते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा अंगभर फोडांनी हैराण होता. राणीच्या सल्ल्यानं त्यानं शिरपूर सोडलं आणि वर्धेच्या काठी बल्लारपूरला राहायला आला. एकदा शिकारीत तहान लागली, झरपटच्या कोरड्या पात्रात खळगाभर पाणी मिळालं. प्यायला, हातपाय धुतले. सकाळी राणीला दिसलं की फोड गेलेत. ती काही नुसती आनंदून बसली नाही, ते पाणी पाहायला दोघं मिळून गेली. खडकात गाईच्या खुरांचे पाच ठसे आणि त्यात न आटणारं पाणी. तिथं अंचलेश्वराचं देऊळ झालं. पुढे त्याच भागात एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना राजाला दिसला. त्यानं हेही घरी येऊन सांगितलं. राणी म्हणाली, ससा जिथून जिथून धावला तिथून तट घाला आणि आत शहर वसवा.

ही कथा आम्हाला शाळेत स्थलमाहात्म्य म्हणून शिकवली. मला ती संसाराची कथा वाटते. फोड राजाचे, तहान राजाची, आश्चर्य राजाचं, आणि डोकं प्रत्येक वेळी राणीचं. आमच्या यांचं मत वेगळं. ते म्हणतात, गावातले रस्ते पाहिले तर आखणीचं खातं अजूनही सशाकडेच आहे.

त्या कथेतला तट म्हणजेच परकोट, घेर सुमारे ११ किलोमीटर. चार दरवाजे: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे लहान दारं: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण. ही नावं ओळीनं म्हणून बघा. शहराचं सगळं आयुष्य त्यात येतं, भक्तीपासून चोरीपर्यंत आणि शेवटच्या वाटेपर्यंत. जटपुरा दरवाज्यातून आम्ही जन्मभर ये-जा केली, पण मान वर करायला ट्रॅफिकनं कधी उसंत दिली नाही. ती परकोट पाहायला निघालो त्या दिवशी मुद्दाम केली. बाजूच्या दगडावर गोंड राजांचं चिन्ह कोरलंय, हत्तीवर मात करणारा सिंह. गंमत अशी की हत्ती सिंहाहून लहान. सिंहाची शेपटी ऐटीत वळलेली, तोंडावर काम फत्ते झाल्याचा भाव, आणि पायाखालचा हत्ती मांजराच्या तावडीतल्या उंदरासारखा. हे म्हणाले, कोरणाऱ्यानं हत्ती पाहिला नसेल. मी म्हटलं, पाहिला असेल, म्हणूनच लहान केला. मागून ऑटोवाल्यानं असा हॉर्न दिला की वाद तिथंच मिटला. खाली तटाच्या पायाशी खर्‍याच्या पिचकाऱ्यांचा ताजा थर होता. हळहळायचं ते तिथं हळहळून घेतलं आणि तर्री-पोहे खायला गेलो.

अंचलेश्वर दरवाज्याजवळ बिरशहा राजाची समाधी आहे. ती बांधली त्याच्या राणीनं, हिराईनं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बिरशहाचा खून झाला, हिराईनं रामशहाला दत्तक घेतलं आणि तो मोठा होईपर्यंत राज्य स्वतः चालवलं. महाकालीच्या देवळाशीही तिचंच नाव जोडलेलं आहे. बायकोनं नवऱ्यासाठी बांधलेली वास्तू म्हणून लोक तिचं कौतुक करतात. दिल्लीत हुमायूनची कबरही त्याच्या बेगमेनंच उभारली, तेव्हा ही रीत काही एकट्या चांद्याची नाही. पण चांद्याच्या गोष्टीला एक शेपूट आहे, जे कौतुक करणारे सहसा गाळतात. राजा मारला गेला तो दुसऱ्या लग्नाच्या वेळी, असं सांगतात.

घुमटाखाली उभं राहून मी यांना विचारलं, "तुम्ही दुसऱ्या लग्नाला निघाला असता आणि असं झालं असतं, तर मी काय बांधलं असतं?"

"तू? आधी गच्चीचा स्लॅब टाकला असता."

आम्ही इतके हसलो की बाजूला प्रदक्षिणा घालणाऱ्या एका आजीनं वळून पाहिलं. पण त्या हसण्यानंतरच मला हिराईबद्दल खरी उत्सुकता वाटायला लागली. दुःखानं बांधली, की राज्य हातात ठेवायचं तर मेलेल्या राजाची पत मोठी करावी लागते म्हणून बांधली? की रागानं? अभिमानाच्या भाषणात या प्रश्नाला जागाच नसते, तिथं हिराई एकदम पतिव्रता होऊन बसते. थट्टेनं तिला पुन्हा माणूस केलं.

अर्थात सगळीकडे हसता येत नाही, येऊही नये. याच शहरात, तुरुंगाच्या आवारात, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी उठाव करणाऱ्या बाबूराव शेडमाके या गोंड जमीनदाराला इंग्रजांनी फाशी दिलं. वय पंचविशीचं. आपण ज्याला पर्यटनस्थळ म्हणतो ते गोंड माणसासाठी हिसकावलेलं घर आहे. १७५१ मध्ये भोसल्यांनी राज्य घेतलं, १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला. माझ्यासारखी, जिचे पूर्वज नंतर नोकरी-धंद्यासाठी इथं आले, तिनं समाधीवर विनोद करावा का? मला वाटतं, घर कुणाचं आहे ते लक्षात ठेवून करावा. पाहुणा हसतो तेव्हा यजमानाला राग येत नाही. राग येतो तो पाहुणा घर आपलंच समजून वागतो तेव्हा, किंवा घराकडे ढुंकूनही न बघता अंगणातून गाडी नेतो तेव्हा.

गाडी नेणारेच जास्त आहेत. ताडोबाला १९५५ पासून राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा आहे. देशभरातली जोडपी मोहर्ली गेटवर पहाटे जिप्सीत कुडकुडत बसतात आणि वाघ दिसो न दिसो, तशीच नागपूरच्या विमानाला परततात. जिल्ह्याचं नाव वाघानं केलं हे खरं, माझी तक्रार नाही. पण वाघाच्या दर्शनात एक ताण असतो. दिसला नाही तर पैसे बुडाले. परकोट कुठं पळून जात नाही, हाच त्याचा दोष ठरला.

इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी २०१७ मध्ये हा परकोट साफ करायला घेतला. फावडी, घमेली, विळे घेऊन महिनोन्महिने झाडोरा आणि कचरा काढला. पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्येही त्याचा उल्लेख झाला. तटावरून चालता येतं हे पुष्कळ चंद्रपूरकरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण विदर्भातल्या पावसाळ्यानंतर झुडूप किती वेगानं उगवतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. ते रोखायला दरवर्षी नवी मोहीम काढणं हा एक उपाय. रोजची पावलं हा दुसरा. इटलीतल्या लुक्का गावाचा तट चारेक किलोमीटरचा. एकोणिसाव्या शतकात त्याच्यावर झाडं लावून फिरण्याची वाट केली, आज म्हातारी माणसं तिथं पाय मोकळे करतात, पोरं सायकली हाणतात. वारसा म्हणून कुणी तिथं रोज नमस्कार करत नाही. आणि हे लोक उपजत शहाणे होते असंही नाही. फ्रान्समधल्या कारकासॉनचा तट त्याच एकोणिसाव्या शतकात पाडायला काढला होता. गावकऱ्यांनी ओरड केली म्हणून वाचला. मग वास्तुकार व्हिओले-ल-द्युकनं डागडुजी करताना बुरुजांवर त्या मुलखात न शोभणारी टोकदार छपरं चढवली. आज सगळे ती छपरं बघूनच खूश होतात.

मौजेचा अतिरेक होतो, तेही खरं. व्हेनिसनं २०२४ मध्ये गर्दीच्या दिवशी नुसत्या दिवसापुरत्या येणाऱ्यांवर पाच युरोंचा आकार बसवला. पण चांद्यानं आज ती काळजी करणं म्हणजे बाजारात तुरी.

जुन्या वास्तू मजेनं बघायचा हा उद्योग आम्ही पुढे वाढवला. लालपेठला उघड्यावर प्रचंड मूर्ती पडून आहेत. रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्यानं देवळासाठी घडवायला घेतलेल्या, देऊळ झालंच नाही. दहा तोंडांच्या मूर्तीला लोक रावण म्हणतात. ती दुर्गा आहे हे मी यांना फलकासह दाखवलं, तरी हे रावणावरच ठाम. गडचिरोली जिल्ह्यात मार्कंड्याला गेलो तेव्हा सासूबाईंनी बेलाची पानं बांधून दिली. वैनगंगा तिथं उत्तरेला वळते, म्हणून तीर्थ, म्हणून महाशिवरात्रीची जत्रा. आम्ही मुद्दाम साध्या दिवशी गेलो. देवळाच्या भिंतींवर दगडी जोडपी आमच्यापेक्षा फारच मोकळी आहेत. हे त्यांच्याकडे न बघता नदीकडे बघत होते. मी दोन्हीकडे बघितलं.

आता एक गोष्ट जी वैचारिक निबंधात शोभत नाही, पण ज्यावर सगळं अडतं. युरोपातून आलेल्या बायका काय सांगतात ते नीट ऐका. राजवाड्यानंतर दुसरा विषय स्वच्छतागृह. नाणं टाकावं लागतं, महाग आहे, पण आहे. बसायला बाक आहे, प्यायला पाणी आहे. आपल्याकडे जुन्या वास्तू पाहायला निघालेली बाई सकाळपासून पाणी पिणं टाळते आणि दीड तासात घर गाठायचं मनात धरूनच निघते. मे महिन्यात इथं पारा ४७-४८ अंशांवर जातो, तेव्हा पाणी न पिता कसली मौज? उद्या कुणी मला परकोटासाठी काय हवं असं विचारलंच, तर मी लाइट अँड साउंड शो मागणार नाही. दर किलोमीटरला एक कडुनिंब, त्याखाली दोघांना पुरेल असा बाक, आणि आतून कडी लागणारं एक दार. बाकीचं भांडण आमचं आम्ही करू.